टँकरची नोंदवही आणि हास्केलचं रीडफाइल

मुंबई विद्यापीठाच्या २०१९ च्या सुधारित अभ्यासक्रमात माहिती तंत्रज्ञान शाखेच्या तिसऱ्या सत्राला 'पॅराडाइम्स अँड कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग फंडामेंटल्स' हा विषय आला आणि त्याच्यासोबत हास्केल ही भाषा आली. वसईच्या विद्यावर्धिनीसारख्या संलग्न महाविद्यालयांतली मुलं तोवर सी शिकलेली असतात, पायथनशी तोंडओळख झालेली असते. हास्केलमध्ये फॅक्टोरियल होतो, फिबोनाची होतो, यादी उलटी करून होते. मग कुणाला तरी वाटतं, आता एखादी खरी फाइल वाचून बघू. तिथे घोडं अडतं. इंटरनेटवर शोधावं तर पहिल्याच पानावर 'मोनाड' हा शब्द अंगावर येतो आणि बिचारा विद्यार्थी पायथनकडे परत जातो.

मोनाड कळल्याशिवायही हास्केलमध्ये फाइल वाचता येते, अगदी दोन ओळींत. परीक्षेसाठी मोनाडची व्याख्या लागेल तेव्हा लागेल. हा लेख त्या दोन ओळींविषयी आणि त्यांच्या आसपास मराठी मजकूर वाचताना हमखास लागणाऱ्या ठेचांविषयी आहे.

उदाहरणाला आपल्या भागातलीच फाइल घेऊ. सूर्या, उसगाव, पेल्हार इथून पाणी येत असूनही वसई-विरारमधल्या कितीतरी सोसायट्यांना टँकर मागवावा लागतो, आणि सोसायटीचे सचिव त्याची नोंद कुठेतरी ठेवतातच. समजा ती नोंद नोटपॅडमध्ये आहे, फाइलचं नाव 'टँकर.टीएक्सटी', आणि प्रत्येक ओळीत तारीख, लिटर व रक्कम. आकडे उदाहरणापुरते:

०३-०४-२०२४ १०००० २५००
०५-०४-२०२४ १०,००० २५००
०८-०४-२०२४ १०००० २५०० उशिरा आला
टँकर आला नाही

ही फाइल मुद्दाम अशी वेडीवाकडी घेतली आहे. पाठ्यपुस्तकातल्या फाइली सरळ असतात, माणसांनी लिहिलेल्या अशाच असतात.

कोडबद्दल एक सूचना. या लेखात आज्ञांची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीतच टाइप करायची, आणि आपण ठेवलेली 'मजकूर', 'हिशोब' यांसारखी नावंही रोमनमध्येच. 'रीडफाइल' हा सलग एक शब्द आहे, त्यातला 'फाइल'चा एफ तेवढा कॅपिटल. 'पुटस्ट्रएलएन'मध्ये एस आणि एल कॅपिटल. पहिलं अक्षर मात्र नेहमी लहान, कारण हास्केलमध्ये फंक्शनचं नाव कॅपिटलने सुरू होत नाही.

नवशिक्या पहिल्यांदा काय लिहितो? पायथनच्या सवयीने तो 'रीडफाइल'लाच थेट कंसात बसवतो:

लेंग्थ (लाइन्स (रीडफाइल "टँकर.टीएक्सटी"))

कंपायलर लगेच तक्रार करतो की मला 'स्ट्रिंग' हवी होती, तुम्ही 'आयओ स्ट्रिंग' दिलीत. हा संदेश नीट वाचला तर अर्धं काम होतं. 'रीडफाइल' मजकूर देत नाही, मजकूर आणण्याची कृती देते. टँकर नोंदवला म्हणून टाकी भरत नाही, तसंच हे. हास्केलमधल्या फंक्शनचा करार असा, की तेच इनपुट दिलं तर तेच उत्तर यायला हवं. फाइल मात्र आज एक सांगते आणि उद्या सचिवांनी ओळ वाढवली की दुसरं. म्हणून जे बाहेरून येतं त्यावर 'आयओ' असा शिक्का बसतो आणि तो शिक्का नुसत्या कंसांनी निघत नाही. त्यासाठी डावीकडे वळलेला बाण लागतो:

मेन = डू
  मजकूर <- रीडफाइल "टँकर.टीएक्सटी"
  पुटस्ट्रएलएन (हिशोब मजकूर)

हिशोब मजकूर = शो (लेंग्थ (लाइन्स मजकूर))

बाणाच्या डावीकडचा 'मजकूर' ही आता साधी स्ट्रिंग आहे. 'लाइन्स' तिच्या ओळी करते, 'लेंग्थ' त्या मोजते, 'शो' आकड्याची स्ट्रिंग बनवते. झालं. 'डू'खालच्या दोन्ही ओळी एकाच रकान्यात सुरू झाल्या पाहिजेत. टॅब आणि स्पेस मिसळलेत तर कंपायलर भलतंच काही बोलेल.

'हिशोब'ला फाइल नावाचं काही जगात असतं हे ठाऊकच नाही, आणि माझ्या मते हास्केलसारख्या भाषेत शिकण्यासारखी मुख्य गोष्ट हीच आहे. त्याला स्ट्रिंग मिळते, तो स्ट्रिंग देतो. म्हणून हास्केलचं संवादी टर्मिनल जीएचसीआय उघडून, कुठलीही फाइल न बनवता, दोन ओळींची स्ट्रिंग हाताने देऊन तो तपासता येतो. प्रोग्रॅम वाढत गेला, महिनावार बेरीज आली, कुठल्या टँकरवाल्याला किती पैसे दिले ते आलं, तरी फाइलशी बोलणाऱ्या ओळी त्या दोनच राहायला हव्यात. विद्यार्थ्यांच्या प्रोग्रॅममध्ये 'डू' पानभर लांबलेला दिसला की समजावं, सी हास्केलच्या वेशात आली आहे.

याहूनही सोपं एक फंक्शन आहे, 'इंटरॅक्ट'. त्याला स्ट्रिंगवरून स्ट्रिंग करणारं फंक्शन द्यायचं. आत येणारा मजकूर वाचणं आणि उत्तर बाहेर टाकणं ते स्वतः बघतं. अख्खा मेन मग 'मेन = इंटरॅक्ट हिशोब' एवढाच उरतो, आणि चालवताना टर्मिनलवर '<' चिन्हापुढे फाइलचं नाव द्यायचं. प्रॅक्टिकलसाठी मी आधी हेच सुचवीन. फाइलचं नाव प्रोग्रॅममध्ये नसल्यामुळे तोच प्रोग्रॅम एप्रिलच्या फाइलवरही चालतो आणि मेच्या फाइलवरही.

फाइलच सापडत नाही म्हणून तक्रार आली तर दोन गोष्टी पाहा. प्रोग्रॅम ज्या फोल्डरमधून चालवला तिथून फाइलचा पत्ता मोजला जातो, प्रोग्रॅम जिथे ठेवला आहे तिथून नाही. आणि विंडोजमध्ये फाइलचं शेपूट लपवलेलं असेल तर 'टँकर.टीएक्सटी'चं खरं नाव 'टँकर.टीएक्सटी.टीएक्सटी' असू शकतं.

आता वरचा प्रोग्रॅम आपल्या फाइलवर चालवा. उत्तर येतं ४. टँकर आले ३. 'टँकर आला नाही' ही ओळसुद्धा मोजली गेली. म्हणजे ओळी मोजून भागणार नाही, लिटर वाचावे लागतील.

लिटर वाचायला गेलं की मराठी माणसाची खास अडचण सुरू होते. 'वर्ड्स' ही आज्ञा मोकळ्या जागांवर ओळ तोडते, दुसरा तुकडा म्हणजे लिटर. त्याला 'रीड' लावलं की प्रोग्रॅम 'नो पार्स' म्हणून कोसळतो. आकडा तर स्पष्ट दिसतोय! पण हास्केलच्या 'रीड'ला इंग्रजी अंकच कळतात. 'इझडिजिट' ही चाचणीसुद्धा देवनागरी अंकांना नाही म्हणते. गंमत म्हणजे 'इझनंबर' हो म्हणते, कारण युनिकोडच्या लेखी तो अंकच आहे. उपाय छोटा आहे. युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६, इंग्रजी शून्याचा ४८, आणि पुढचे नऊही अंक दोन्हीकडे ओळीने येतात. फरक २३५८:

अंक च | च >= '०' && च <= '९' = टूइनम (फ्रॉमइनम च - २३५८)
      | अदरवाइज = च

(प्रोग्रॅममध्ये २३५८ हा आकडा अर्थातच इंग्रजी अंकांत, अवतरणातली ० आणि ९ ही चिन्हं मात्र देवनागरीतच राहू द्या. जीएचसी हा कंपायलर प्रोग्रॅमची फाइल नेहमी यूटीएफ-८ धरूनच वाचतो, त्यामुळे तिथे अडचण येत नाही.)

मग 'रीड'ऐवजी 'टेक्स्ट.रीड' या मॉड्यूलमधलं 'रीडमेबी' घ्या. ते कोसळत नाही. आकडा मिळाला तर 'जस्ट'मध्ये देतं, नाही मिळाला तर 'नथिंग' म्हणतं:

लिटर :: स्ट्रिंग -> मेबी इंट
लिटर ओळ = केस वर्ड्स ओळ ऑफ
  (_ : ल : _) -> रीडमेबी (मॅप अंक (फिल्टर (/= ',') ल))
  _ -> नथिंग

दुसऱ्या ओळीतल्या १०,००० मधला स्वल्पविराम 'फिल्टर'ने गाळला. तिसऱ्या ओळीतलं 'उशिरा आला' आपोआप दुर्लक्षिलं जातं, कारण आपण पहिल्या दोन तुकड्यांपलीकडे बघतच नाही. चौथ्या ओळीत दुसरा तुकडा 'आला' आहे, त्याचा आकडा होत नाही, म्हणून 'नथिंग'. वरची प्रकाराची ओळ गाळू नका. तिच्याविना 'रीडमेबी'ला काय वाचायचं ते कळत नाही.

अंकांनंतर अक्षरं. जीएचसीआयमध्ये नुसतं "टँकर" लिहून एंटर दाबलं तर पडद्यावर उलट्या तिरक्या रेघांसह २३३५, २३०५, २३२५, २३५२ असले आकडे येतात आणि फाइल बिघडली असं वाटतं. फाइलला काहीही झालेलं नाही. 'शो' आणि तिच्यावर उभी असलेली 'प्रिंट' मूळ इंग्रजी अक्षरांपलीकडच्या प्रत्येक अक्षराचा क्रमांक लिहितात. २३३५ म्हणजे ट. मराठी मजकूर दाखवायचा असेल तेव्हा 'प्रिंट' वापरूच नये, 'पुटस्ट्रएलएन' वापरावं.

खरी बिघाडाची जागा वेगळी आहे. 'रीडफाइल' बाइट वाचून त्यांची अक्षरं करते, आणि ती कोणत्या संकेतानुसार करायची हे ती यंत्राच्या मांडणीला (लोकेलला) विचारते. लिनक्सवर मांडणी 'सी' अशी असेल, किंवा विंडोजवर जुनं कोडपेज असेल, तर यूटीएफ-८ मधली मराठी फाइल एकतर कचरा होऊन येते, नाहीतर प्रोग्रॅम थांबतो. जीएचसीच्या नव्या आवृत्त्या तेव्हा सांगतात की २२४ पासून सुरू होणारे बाइट मला उलगडता येत नाहीत. हा २२४ लक्षात ठेवण्यासारखा आहे: यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटांचं असतं आणि त्यातला पहिला बाइट २२४ च असतो. संदेशात २२४ दिसला की फाइल ठीक आहे, वाचणाऱ्याला संकेत सांगायचा राहिला आहे. 'जीएचसी.आयओ.एन्कोडिंग' या मॉड्यूलमधून 'सेटलोकेलएन्कोडिंग' आणून मेनच्या पहिल्याच ओळीत त्याला 'यूटीएफ८' द्या; त्यानंतर उघडलेल्या सगळ्या फाइली त्या संकेताने वाचल्या जातील. पडद्यासाठी आणखी एक ओळ, 'एचसेटएन्कोडिंग एसटीडीआउट यूटीएफ८'. 'इंटरॅक्ट' वापरत असाल तर 'एसटीडीइन'लाही हेच सांगा. विंडोजच्या काळ्या खिडकीत शिवाय 'सीएचसीपी ६५००१' ही आज्ञा आधी द्यावी लागते.

नोटपॅडबद्दल थोडं. विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून नोटपॅड यूटीएफ-८ मध्येच जतन करतं आणि सुरुवातीला काही चिकटवत नाही. त्याआधीचं नोटपॅड यूटीएफ-८ निवडल्यावर फाइलच्या तोंडाशी एक अदृश्य खूण ठेवायचं. ती खूण तुमच्या पहिल्या ओळीतल्या तारखेला चिकटून येते; तारीख दिसते तीच, पण तुलना केली की जुळत नाही. अशा फाइलला 'यूटीएफ८'ऐवजी 'यूटीएफ८_बॉम' हा संकेत द्या, तो खूण असली तर काढतो, नसली तर गप्प राहतो. विंडोजवर लिहिलेली फाइल लिनक्सवर वाचलीत तर ओळीच्या शेवटीही असंच एक न दिसणारं अक्षर उरतं. 'वर्ड्स' ते मोकळी जागा समजून टाकून देते. ओळ स्वल्पविरामांवर तोडत असाल तर मात्र ते तुम्हालाच काढावं लागेल.

आणि जुन्या सोसायट्यांच्या संगणकावर सर्रास आढळणारा प्रकार: मजकूर श्रीलिपीत किंवा 'डीव्हीबी-टीटी सुरेख'मध्ये टाइप केलेला. तिथे फाइलमध्ये देवनागरी नसतेच. रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. हास्केल ती अचूक वाचेल आणि तुम्हाला अचूक कचरा दाखवेल. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या; त्याला दुसरा उपाय नाही.

आता 'रीडफाइल'चा स्वभाव. ती आळशी आहे, आणि हे इथे दूषण नाही, तिची रीतच तशी आहे. 'मजकूर <- रीडफाइल' ही ओळ पार झाली तेव्हा फाइल फक्त उघडलेली असते. कुणी अक्षरं मागेल तसतशी ती थोडी थोडी वाचली जाते. यामुळे नुसत्या ओळी मोजायच्या असतील तर भलीमोठी फाइलही थोडक्या मेमरीत मोजून होते, कारण मोजलेला भाग लगेच टाकून देता येतो. पण हाच आळस तीन ठिकाणी अंगाशी येतो.

पहिलं ठिकाण: फाइल वाचून, बेरीज करून, ती बेरीज त्याच फाइलच्या शेवटी लिहायला जाणं. प्रोग्रॅम 'रिसोर्स बिझी, फाइल इज लॉक्ड' म्हणतो. फाइल शेवटपर्यंत वाचली गेलेली नसते, म्हणून ती बंद झालेली नसते, आणि वाचायला उघडी असलेली फाइल हास्केल लिहायला देत नाही. दुसरं ठिकाण: 'विथफाइल'च्या आत 'एचगेटकंटेंट्स' करून मजकूर बाहेर नेणं. बाहेर येईपर्यंत फाइल बंद, आणि मजकूर तर वाचायचाच राहिलेला. संदेश येतो 'डिलेड रीड ऑन क्लोज्ड हँडल'. क्लोजर या भाषेत 'विथ-ओपन'च्या बाहेर 'लाइन-सेक' नेली तर हेच घडतं, म्हणजे दोष एकट्या हास्केलचा नाही, आळशी वाचनाचा आहे. तिसरं ठिकाण: वर्षानुवर्षांच्या हजारो फाइली एका यादीतून 'मॅपएम रीडफाइल' करून उघडणं. सगळ्या उघड्या, एकही वाचलेली नाही. लिनक्सवर एका प्रोग्रॅमला एका वेळी उघडता येणाऱ्या फाइलींची मर्यादा बहुतेकदा १०२४ असते, ती ओलांडली की खेळ आटोपला.

तिन्हींवर औषध एकच, आळस नसलेलं वाचन. बेस ४.१५ पासून, म्हणजे २०२१ साली आलेल्या जीएचसी ९.० पासून, 'सिस्टिम.आयओ' मॉड्यूलमध्ये 'रीडफाइल′' आहे. नाव तेच, फक्त शेवटी एक एकेरी अवतरणचिन्ह. ती पूर्ण फाइल वाचते, बंद करते आणि मगच पुढे जाते. लहान फाइलींसाठी मी डोळे मिटून तीच वापरावी म्हणेन. त्याच फाइलवर लिहिताना मात्र आणखी एक काळजी घ्या: आधी वेगळ्या नावाने लिहा, मग 'रीनेमफाइल'ने नाव बदला. मध्येच वीज गेली तर वर्षभराची नोंद अर्धवट राहायला नको, आणि आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाते.

फाइल मोठी झाली की स्ट्रिंगच बदला. हास्केलची स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची यादी, एकेक अक्षर सुटं. ६४ बिटांच्या यंत्रावर यादीतल्या एका दुव्याला २४ बाइट लागतात. इंग्रजी अक्षरं सगळ्यांत मिळून एकच प्रत वापरतात, पण देवनागरी अक्षराला स्वतःचे आणखी १६ बाइट पडतात. फाइलमध्ये ३ बाइट घेणारा 'ट' मेमरीत ४० बाइट खातो, तेरापट. 'टेक्स्ट' या लायब्ररीत हा भार नाही. डिसेंबर २०२१ मधल्या २.० आवृत्तीपासून ती आतून यूटीएफ-८ च आहे, म्हणजे तिथे 'ट' तीन बाइटांतच राहतो. तिच्या २.१ आवृत्तीत 'डेटा.टेक्स्ट.आयओ.यूटीएफ८' हे मॉड्यूल आलं; त्यातली 'रीडफाइल' आळशी नाही आणि यंत्राच्या मांडणीला विचारतही नाही. वरच्या संकेताच्या आणि आळसाच्या दोन्ही दुखण्यांवर एकदम उतारा. मग पहिल्यापासून तीच का नाही? कारण तिसऱ्या सत्रात यादीवरची फंक्शनं हातात बसवायची असतात, आणि स्ट्रिंग ही यादी असल्यामुळे 'मॅप', 'फिल्टर' तिच्यावर जसेच्या तसे चालतात. हात बसला की बदला.

अवतरणचिन्हं आणि स्वल्पविराम असलेली एक्सेलमधून काढलेली सीएसव्ही फाइल असेल तर ती हाताने तोडत बसू नका; त्यासाठी 'कासावा' ही लायब्ररी आहे.

तोंडी परीक्षेत कुणी विचारलंच, की इतक्या शुद्ध भाषेत इनपुट-आउटपुट आलं कसं, तर थोडा इतिहास जवळ असू द्या. हास्केलचा पहिला अहवाल १ एप्रिल १९९० चा. तेव्हा फाइल वाचायला प्रोग्रॅम मागण्यांची एक आळशी यादी पाठवायचा आणि उत्तरांची यादी घ्यायचा. लिहिणाऱ्याचा जीव मेटाकुटीला यायचा. सायमन पेटन जोन्स आणि फिलिप वॉडलर यांनी १९९३ मध्ये 'आयओ'ची आजची मांडणी एका निबंधात दाखवली आणि १९९६ च्या हास्केल १.३ मध्ये ती भाषेत आली. 'इंटरॅक्ट'मध्ये त्या जुन्या काळाची चव अजून आहे. सविस्तर शिकायचं तर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या माधवन मुकुंद आणि एस. पी. सुरेश यांचा हास्केलवरचा एनपीटेल अभ्यासक्रम विनामूल्य पाहता येतो. विरार ते चर्चगेट प्रवासात बसायला जागा मिळाली तर एक व्याख्यान सहज होतं.

परत आपल्या फाइलकडे. एकूण लिटर काढायला 'डेटा.मेबी'मधलं 'मॅपमेबी' पुरतं:

सम (मॅपमेबी लिटर (लाइन्स मजकूर))

उत्तर ३०००० येतं, बरोबर. पण 'मॅपमेबी' न जमलेल्या ओळी निमूट टाकून देतं. 'टँकर आला नाही' टाकली ते ठीक. उद्या सचिव तारीख आणि लिटर यांच्यामध्ये जागा सोडायला विसरले, तर दुसरा तुकडा म्हणून रक्कम पुढे येईल आणि २५०० लिटर मोजले जातील. शून्याच्या जागी इंग्रजी 'ओ' पडला, तर ओळच गायब होईल. कुणालाही पत्ता लागणार नाही, आणि वार्षिक सभेत टँकरचा खर्च हा विषय कधीच शांतपणे होत नाही. म्हणून बेरजेसोबत न कळलेल्या ओळी क्रमांकासह छापा:

[(क्र, ओळ) | (क्र, ओळ) <- झिप [१..] (लाइन्स मजकूर), लिटर ओळ == नथिंग]

यातल्या प्रत्येक जोडीतल्या क्रमांकाला 'शो' लावून तो ओळीला जोडा आणि 'पुटस्ट्रएलएन'ने दाखवा; अख्खी जोडी 'प्रिंट'ने नको, नाहीतर सचिवांना परत २३३५ दिसेल. आणि २५०० वाली चूक पकडायला एक अट आणखी घाला: तुमच्याकडे टँकर ५००० लिटरपेक्षा लहान कधीच येत नसेल, तर त्याखालचा आकडा 'लिटर'ने 'नथिंग' ठरवावा. मग ती ओळही याच यादीत येईल, तिच्या क्रमांकासह, आणि नोंदवही उघडून नेमकी तीच ओळ दुरुस्त करता येईल.